कान्ह्याच्या ओसरीवर लोकरीची फुले

दिवाळीच्या सुट्टीत एक दिवस आम्ही दोघी बहिणी कान्ह्याला खालांकडे जातो. शिवाजीनगरहून लोणावळा लोकल पकडायची. तळेगाव गेले की वडगाव येते. तालुक्याचे गाव असल्यामुळे निम्मा डबा तिथेच रिकामा होतो. १७७९ साली इंग्रज आणि मराठे यांच्यात तह झाला तो याच वडगावात, म्हणून मुलांना ते पुस्तकातूनही माहीत असते. त्यापुढचे स्टेशन कान्हे. इथे गाडी जेमतेम थांबते, त्यामुळे पिशव्या सावरून आधीच दारात उभे राहावे लागते.

स्टेशनच्या एका अंगाला जुना पुणे-मुंबई रस्ता आहे. फाट्यावरून टाकवेकडे आणि पुढे आंदर मावळात जीप, दुचाक्या, कामगारांच्या गाड्या धावत असतात. अलीकडच्या वर्षांत कारखान्यांचे पत्रे वाढले, तरी भातखाचरे अजून आहेत. आम्ही गेलो तेव्हा कापणी चालू होती. कुठे पेंढ्या रचलेल्या, कुठे झोडणी सुरू. इंद्रायणी तांदळाचा वास मावळात वाऱ्यावरच येतो, तो घेत आम्ही खालांच्या ओसरीवर पोहोचलो.

यंदा पिशवीत फराळाबरोबर अम्मीचा राखाडी स्वेटर होता. आणि त्यावरून आमच्यात गाडीभर भांडण झाले होते.

हा स्वेटर वीस वर्षांपूर्वी खालांनीच आपल्या थोरल्या बहिणीसाठी, म्हणजे अम्मीसाठी, विणला. अम्मी जाऊन दोन वर्षे झाली. ट्रंकेत ठेवलेल्या स्वेटरला कसर लागली, पोटावर पाच-सहा भोके पडली. धाकटीचे म्हणणे होते की तो उसवायचा आणि तिच्या लेकीला जानेवारीत होणाऱ्या बाळासाठी टोपडे करायचे. शेवटच्या आजारात अम्मीने तसे बोलून दाखवले होते आणि धाकटीने तिला शब्द दिला होता. मोठीला हे ऐकवत नव्हते. स्वेटर उसवला की अम्मीचा आकारच नाहीसा होईल, असे तिला वाटत होते. सूरह नहलमध्ये मजबूत कातलेले सूत स्वतःच उसवणाऱ्या स्त्रीचा दाखला आहे, तोही तिने धाकटीला ऐकवून झाला होता.

खालांनी चहा होईपर्यंत दोघींचे ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "बेटा, ती आयत सुताची नाही, वचनाची आहे. दिलेला शब्द मोडणाऱ्याला त्या बाईची उपमा दिली आहे. मग इथे उसवणारी कोण ठरते?"

मोठीकडे उत्तर नव्हते. शाळेत मुलांना मजकूर मागच्या-पुढच्या संदर्भासह वाचायला आम्हीच शिकवतो!

खालांनी स्वेटर उजेडात धरला. कसर लागलेला भाग उसवला तर हाती तुकडेच येतील, त्याचे काही होणार नाही, हे त्यांनी लगेच सांगितले. बाह्या मात्र धड होत्या. "बाह्या बाळाच्या. अंगाची बंडी करू. भोकांवर फुले काढू."

दुपारभर तेच काम चालले. एक बाही उसवून लोकरीची लडी केली, कोमट पाण्यात बुचकळली आणि खाली हलके वजन बांधून वळणीवर टांगली. वाळताना तिच्यातल्या वळ्या सरळ होतात. मग खालांनी आम्हाला विणीवर भरतकाम कसे करायचे ते शिकवले.

सुलट विणीकडे नीट पाहिले तर प्रत्येक टाका खाली जुळलेल्या दोन पाकळ्यांसारखा दिसतो. टोक बोथट असलेली, मोठ्या नेढ्याची सुई त्या जुळलेल्या ठिकाणातून वर काढायची, वरच्या टाक्याच्या दोन्ही पाकळ्यांमागून आडवी न्यायची आणि परत खालच्या त्याच भोकात घालायची. जुन्या टाक्यावर नवा टाका तंतोतंत बसतो. पाहणाऱ्याला नक्षी विणतानाच घातली आहे असे वाटते. विरलेली जागाही याने भक्कम होते. भोक असेल तर कडेचे सुटे टाके आधी दोऱ्याने धरायचे, आडवे धागे घालून आधार करायचा आणि त्यावर जुन्या वाटेने टाके भरायचे.

आमचा हात घट्ट. दर दोन टाक्यांनी खाला टोकायच्या, "खेंचू नको बेटा, कपडा सिकुडता." विणलेला कपडा ताणतो, म्हणून त्यावरचा टाकाही सैल हवा. धाग्याला गाठ मारायची नाही, त्याचे टोक उलट बाजूच्या टाक्यांत फिरवून लपवायचे. गडद लोकर आधी ओल्या पांढऱ्या फडक्यावर दाबून पाहायची, रंग सोडत असेल तर वापरायची नाही. बाळाच्या टोपड्यात आतून लांब धागे ठेवायचे नाहीत, कारण बोटे अडकतात. मणी आणि बटणेही लावायची नाहीत.

चौकटीच्या वहीत चंद्रकोर काढून आम्ही ती स्वेटरवर भरायला घेतली, तर ती चपटी झाली. खाला हसल्या आणि पट्टी लावायला सांगितली. दहा सेंटिमीटर रुंदीत २२ टाके होते, तेवढ्याच उंचीत ३० ओळी. विणीचा टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून कागदावर नक्षी मुद्दाम उंच काढावी लागते. गुणोत्तराचा याहून चांगला धडा आम्ही वर्गात कधी दिलेला नाही.

खाला प्राण्यापक्ष्यांची चित्रे काढत नाहीत, वेली, फुले, तारे एवढेच काढतात. पाकळीसाठी साखळीचा एकच टाका घालून त्याचे टोक छोट्या टाक्याने टाचतात. अशा पाच पाकळ्या झाल्या की मोगरा तयार.

त्यांना आम्ही वाचलेली एक गोष्ट सांगितली. खरे विणकाम म्हणता येईल असे जुन्यात जुने नमुने इजिप्तमध्ये मिळाले आहेत. मुस्लिम राजवटीच्या काळातले ते सुती पायमोजे, त्यांवर निळ्या-पांढऱ्या धाग्यांची नक्षी आणि काहींवर कूफी वळणाची अक्षरे आहेत. स्पेनमध्ये १२७५ साली वारलेल्या एका ख्रिस्ती राजपुत्राच्या कबरीत रेशमाने विणलेली उशी सापडली. ती मुस्लिम कारागिरांच्या हातची मानतात, आणि तिच्यावर अरबीत 'बरकत' हा शब्द विणलेला आहे. खाला सुई थांबवून ऐकत होत्या. "म्हणजे हे काम आपल्या घरचेच," त्या म्हणाल्या आणि पुढचा टाका घातला.

चार वाजता त्यांनी सुई खाली ठेवली. मोतीबिंदूमुळे उजेड उतरला की त्यांना टाका दिसत नाही. शेवटची दोन भोके त्यांनी आमच्यावर सोपवली. "आता तुम्हीच भरा. मी बघते." त्या बोटांनी चाचपून टाके तपासत होत्या. एक फूल त्यांनी दोनदा उसवायला लावले. तिसऱ्यांदा हात फिरवून म्हणाल्या, "राहू दे आता."

तेव्हा आम्हाला उमगले की आम्ही अम्मीचा आकार जपायला आलो होतो, पण जपायची गोष्ट खालांच्या बोटांत होती. ती शिकून घ्यायला आम्हाला वीस वर्षे सवड झाली नव्हती.

जानेवारीत बाळ आले, अल्हम्दुलिल्लाह. अकीक्याच्या दिवशी त्याच्या डोक्यावर राखाडी टोपडे होते, त्यावर खालांचा पांढरा मोगरा. बंडी मोठी सकाळच्या शाळेला घालते. तिच्यावरची दोन फुले जरा वाकडी आहेत, ती आमची.

वाचक भगिनींनो, तुमच्या घरात, नात्यात असे हात असतील तर सुट्टीची वाट पाहू नका. आमच्याकडे अजून एक बाही शिल्लक आहे. ती घेऊन आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही कान्ह्याची लोकल पकडतो.