चार गिटारी आणि वऱ्हाडचे उसने सूर

१. चार वादक अर्धवर्तुळात बसतात. चौघांच्या हाती एकच वाद्य: नायलॉनच्या तारांची शास्त्रीय गिटार. सोबतीला ना पखवाज, ना बासरी, ना झांज. तरीही तासाभरात जावा बेटावरचे गमेलान, क्यूबातला पाऊस आणि स्पेनच्या दक्षिणेकडची गाणी ऐकवण्याचा त्यांचा दावा असतो. गिटार क्वार्टेट या प्रकाराने गेल्या सहा दशकांत जगभरच्या संगीतपरंपरांकडून मोकळेपणाने घेतले. हा धागा त्या घेण्याविषयी आहे, आणि त्याच्या वऱ्हाडाशी असलेल्या नात्याविषयीही.

२. नाते वरकरणी दूरचे वाटेल. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांची ओळख कापूस, संत्री, कीर्तन आणि भजन यांनी होते, गिटारीने नव्हे. परंतु दुसऱ्याचा सूर घेतला तर ती चोरी, नक्कल की विद्या, हा प्रश्न वऱ्हाडच्या माणसांनी मराठी रंगभूमीवर फार पूर्वीच हाताळला आहे. त्यामुळे चार गिटारींची गोष्ट समजून घ्यायला मूर्तिजापूरहून निघणारी वाट उपयोगी पडते.

३. आधी क्वार्टेटचा इतिहास. स्पेनमधील मालागाचे सेलेडोनियो रोमेरो १९५० च्या दशकाच्या अखेरीस कुटुंबासह अमेरिकेत गेले आणि १९६० मध्ये त्यांनी आपल्या तीन मुलांसह चार गिटारींचा मेळ उभा केला. चार गिटारींसाठी तेव्हा रचनाच जवळजवळ नव्हत्या. इतरांच्या रचना या वाद्यांवर उतरवणे किंवा संगीतकारांकडून नव्या लिहून घेणे, एवढेच दोन मार्ग होते. म्हणजे उसनवारी या प्रकाराच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

४. रोमेरोंच्या विनंतीवरून होआकिन रोद्रिगो यांनी चार गिटारी आणि वाद्यवृंद यांच्यासाठी ‘कॉन्सिएर्तो अंदालुस’ लिहिले. ते १८ नोव्हेंबर १९६७ रोजी टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे प्रथम वाजले. १९८० मध्ये दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात ‘लॉस एंजेलिस गिटार क्वार्टेट’ सुरू झाले. स्पेनबाहेरच्या संगीताकडे या चौघांनी निश्चयाने पाहिले. २००५ मध्ये त्यांच्या ‘गिटार हिरोज’ या ध्वनिमुद्रिकेला ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

५. चार गिटारींची मुख्य अडचण अशी की त्या चारही सारख्या असतात. व्हायोलिनच्या चौकडीत व्हायोला आणि चेलो यांचे पल्ले निराळे, त्यामुळे आवाज आपोआप वेगळे ऐकू येतात. चार गिटारींचे स्वर मात्र एकाच पट्ट्यात दाटी करतात. म्हणून कोणी खर्जासाठी सात तारांची गिटार घेतो, कोणी आठ तारांची. शिवाय ब्रिजजवळच्या तारांवर अंगठ्याने थाप देणे, लाकडावर बोटांनी ठेका धरणे, तार ओढून फळीवर आपटू देणे अशा युक्त्या आहेतच. जगाच्या संगीताकडे वळण्यामागे कुतूहल होते तशी ही गरजही होती. वेगळेपण वाद्यांत नसेल, तर ते शैलीतून आणावे लागते.

६. परंपरेकडून घेता येण्याजोग्या गोष्टी ढोबळमानाने चार: स्वर, नाद, काळाची बांधणी आणि प्रसंग. यांतला स्वर सर्वांत सोपा वाटतो. प्रत्यक्षात तो फसवा आहे. गिटारीच्या मानेवर धातूचे पडदे ठोकलेले असतात आणि ते सप्तकाचे बारा समान भाग करतात. एका स्वरातून दुसऱ्यात सलग वाहत जाणारी मींड तेथे अडखळते. तार आडवी ओढून थोडी मींड काढता येते, परंतु मारव्याचा कोमल रिषभ ज्या जागी धरायचा, ती जागा पडद्यावर खुणेसारखी मिळत नाही.

७. भारतात यावर उपाय निघाला तो पडद्यांना वळसा घालून. जोधपूरचे ब्रिजभूषण काब्रा हे उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी ठेवून, तारांवर धातूची कांडी सरकवून राग वाजवले. हे तंत्र हवाई बेटांवरून आलेले. १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’मध्ये शिवकुमार शर्मांच्या संतूर आणि हरिप्रसाद चौरसियांच्या बासरीसह काब्रांची गिटार आहे. परके वाद्य आणि परके तंत्र यांतून निघालेला स्वर मात्र अस्सल रागाचा होता.

८. त्याच १९६७ सालच्या २४ डिसेंबरला ‘कट्यार काळजात घुसली’ रंगभूमीवर आले. लेखक नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर, संगीत गोव्याच्या जितेंद्र अभिषेकींचे आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. वसंतरावांचा जन्म २ मे १९२० चा, अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूरचा. एकाच वर्षी तीन ठिकाणी, एकमेकांची वार्ताही नसताना, परक्या परंपरेशी कसे वागावे याची तीन उत्तरे पुढे आली, असे या सालाकडे पाहून म्हणता येते.

९. ‘कट्यार’चा गाभा हाच प्रश्न आहे. खाँसाहेबांची गायकी त्यांच्या घराण्याची ठेव. सदाशिवला ती हवी आहे, पण तो त्या घराचा नव्हे. तो चाकराच्या वेषात घरात शिरतो, कान देतो आणि ऐकून शिकतो. विद्या अशी घ्यावी का? आणि जी विद्या मागूनही मिळत नाही, तिच्यावर हक्क कोणाचा? नाटकातली कट्यार दागिना म्हणून येत नाही. तिचे पाते या प्रश्नाला आहे.

१०. वसंतरावांना ही भूमिका साधली यामागे त्यांची स्वतःची जडणघडणही होती. नागपुरात शंकरराव सप्रे यांच्याकडे ग्वाल्हेरची तालीम, लाहोरला असद अली खाँ, पुढे भेंडीबाजार घराण्याचे अमान अली खाँ आणि किराण्याचे सुरेशबाबू माने. शिवाय मास्टर दीनानाथांच्या गाण्याचा खोल ठसा. एका घराण्याची चौकट मानणाऱ्यांना हे गाणे कोठे बसवावे ते कळेना. उपजीविकेसाठी लष्करी हिशेब खात्यात नोकरी करत त्यांनी हे सारे सांभाळले. गायक म्हणून पूर्ण मान्यता मिळायला त्यांना जी वाट पाहावी लागली, तीत या अनेकपणाची किंमतही होती.

११. दीनानाथांच्या नावापाशी अमरावती येते. ‘वीर’ वामनराव जोशी अमरावतीचे. स्वातंत्र्यचळवळीतले कार्यकर्ते, संपादक आणि नाटककार. त्यांचे ‘रणदुंदुभी’ १९२७ मध्ये रंगभूमीवर आले. संगीत रामकृष्णबुवा वझे यांचे आणि प्रमुख गायकनट दीनानाथ. दीनानाथांच्या गळ्यात पंजाबी ढंगाची झपाट्याची फिरत होती. अमरावतीच्या लेखणीतले शब्द त्या ढंगात गायले गेले आणि महाराष्ट्राने ते गाणे मराठी म्हणून स्वीकारले.

१२. त्याहीआधी, १९११ च्या ‘मानापमान’मध्ये गोविंदराव टेंबे यांनी पूरब अंगाच्या ठुमरी-कजरीच्या चाली मराठी पदांना दिल्या होत्या. आज नाट्यसंगीताइतके ‘आपले’ दुसरे काही वाटत नाही. ज्या पेटीच्या साथीने ते गायले जाते ती युरोपातून आलेली. तिच्यात मींड नाही, हा आक्षेप इतका प्रबळ होता की आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके तिला दाराबाहेर ठेवले. तेवढ्या काळातही वऱ्हाडातल्या भजनी मंडळांनी पेटी सोडली नाही.

१३. आता नादाकडे. लॉस एंजेलिस क्वार्टेटचे विल्यम कॅनेंगायझर यांची ‘गाँगन’ ही रचना जावाच्या गमेलानवरून सुचलेली. गमेलान म्हणजे मुख्यतः काशाच्या घंटा, थाळ्या आणि पट्ट्या यांचा वृंद. त्याची स्वरजुळणी पाश्चात्त्य पट्टीत बसत नाही, आणि दोन गावांचे गमेलानही तंतोतंत सारखे लागत नाहीत. या रचनेत तारांवर वस्तू बसवून गिटारीचा नेहमीचा गोड आवाज बिघडवला जातो, मग तीतून घंटेसारखी गुंजन निघते. दुसऱ्याचा नाद हवा असेल तर आधी स्वतःच्या वाद्याची ऐट सोडावी लागते, हे यातून कळते.

१४. काळाच्या बांधणीचे उदाहरण क्यूबाच्या लिओ ब्राउअर यांचे. ‘पावसातला क्यूबाचा देखावा’ असा ज्याच्या नावाचा अर्थ होतो, ते त्यांचे १९८४ चे चार गिटारींसाठीचे काम. सुरुवातीला सुटे थेंब: एका गिटारीवर एक, दुसरीवर एक. थेंब दाट होतात, सरींचे नक्षीकाम होते, मग धो धो पाऊस, आणि पुन्हा ओसरणे. येथे कोणत्याही लोकगीताची चाल उचललेली नाही. ब्राउअर यांनी आपल्या अंगणातला काळ घेतला. जगभर वाजणाऱ्या या रचनेचे मूळ एका बेटावरच्या पागोळ्यांत आहे.

१५. जूनमध्ये आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या वऱ्हाडाला ही रचना परकी वाटण्याचे कारण नाही. फरक इतकाच की कोरडवाहू कपाशीच्या मुलखात पावसाचे नाट्य निराळे असते. पहिल्या सरींनंतर पडणारी ओढ, दुबार पेरणीची धास्ती, मग एखाद्या रात्रीचा मुसळधार. वऱ्हाडातल्या कोणा संगीतकाराने चार गिटारींसाठी पाऊस लिहिला, तर त्यातली सर्वांत अवघड जागा थेंबांची नसेल. दोन सरींमधल्या शांततेची असेल.

१६. चौथी गोष्ट प्रसंग. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ मध्ये जन्मलेले राष्ट्रसंत तुकडोजी महाराज खंजिरीवर भजन गात. खंजिरी म्हणजे कातडे ताणलेले लाकडी कडे आणि त्यात बसवलेल्या झांजा. एका हाताने धरायची, दुसऱ्याने वाजवायची. मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज आश्रम उभा राहिला आणि सामुदायिक प्रार्थना हा त्याचा प्राण झाला. १९५५ मध्ये जपानमधल्या विश्वधर्म आणि विश्वशांती परिषदेसाठी महाराज गेले तेव्हा ही खंजिरीही जगापुढे गेली.

१७. गिटारीच्या लाकडावर खंजिरीचा ठेका हुबेहूब काढता येईल. पण मोझरीच्या प्रार्थनेत ऐकणारा कोणी नसतो. बसलेला प्रत्येकजण म्हणणाराच असतो. मैफलीत चौघे वाजवतात आणि उरलेले तिकीट काढून ऐकतात. ठेका गेला तरी हा प्रसंग सोबत जात नाही. जागतिक संगीत या नावाखालच्या पुष्कळ रचना येथेच उण्या पडतात. त्यात दोष कौशल्याचा नसतो. गाण्याचे काम काय होते, हे विचारायचे राहून गेलेले असते.

१८. हा मुद्दा मेळघाटात अधिक तीव्र होतो. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांत राहणाऱ्या कोरकूंची भाषा मुंडा कुळातली. मराठी-हिंदीच्या कुळाशी तिचे नाते नाही. ढोल आणि बासरीवर चालणारे त्यांचे सामूहिक नाच लग्न, सण, ऋतू यांच्याशी बांधलेले. शहरातल्या कोणा वादकाने तो ठेका मुद्रित करून चार गिटारींवर बसवला, तर कार्यक्रमपत्रिकेत ‘पारंपरिक’ असा एक शब्द छापला जाईल. रचनाकाराचे नाव मात्र पूर्ण असेल. ‘पारंपरिक’ या शब्दाआड गावे, घराणी, वादक, सारे नाहीसे होतात.

१९. म्हणून ‘कट्यार’मधला प्रश्न उलटा करून विचारायला हवा. तेथे विद्या बलवानाच्या घरात होती आणि घेणारा चाकराच्या वेषात. येथे घेणाऱ्याकडे व्यासपीठ, ध्वनिमुद्रण आणि स्वामित्वहक्क आहेत. ज्याच्याकडून घ्यायचे त्याच्याकडे बहुधा यांतले काहीच नाही. सदाशिवच्या लपून ऐकण्याला जी माफी मिळते, ती येथे आपोआप लागू होत नाही.

२०. याचा अर्थ घेऊच नये असा नाही. तसे असते तर वसंतरावांचे गाणे घडले नसते, ‘रणदुंदुभी’ त्या तेजाने गाजले नसते आणि वऱ्हाडच्या भजनात पेटी आली नसती. सोवळ्यात ठेवलेले संगीत जगत नाही. मात्र वसंतरावांनी लाहोरपर्यंत जाऊन, गुरूसमोर बसून विद्या मिळवली, आणि सप्रे, असद अली खाँ, अमान अली खाँ, सुरेशबाबू ही नावे त्यांच्या नावासोबत आजही घेतली जातात. घेणे आणि ऋण मान्य करणे ही तेथे एकच क्रिया आहे.

२१. अमरावती किंवा अकोल्यात आज गिटार शिकणाऱ्या मुलामुलींपुढे जगभरच्या रचना पडद्यावर खुल्या आहेत. ब्राउअरचा पाऊस वाजवायला त्यांनी हवानाला जावे लागत नाही. मेळघाट मात्र अमरावतीहून बसने जाण्याइतका जवळ आहे, आणि तेथला ढोल ऐकायला जावेच लागते: सणाच्या दिवशी, वाजवणाऱ्याचे नाव विचारून, आणि जमल्यास त्या रिंगणात उभे राहून. त्यानंतर लिहिलेल्या रचनेच्या पानावर ते नाव रचनाकाराच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात यावे.