मोहाची भट्टी: वऱ्हाडातील एका गुन्ह्याचा इतिहास

१८२४ साली स्कॉटलंडच्या ग्लेनलिव्हेट खोऱ्यात जॉर्ज स्मिथ नावाच्या कुळाने व्हिस्की गाळण्याचा सरकारी परवाना घेतला. तोवर त्या खोऱ्यात चोरून दारू गाळणे हा शेतीचा जोडधंदाच होता. आदल्या वर्षीच्या कायद्याने कर उतरवला, दहा पौंडांत परवाना देऊ केला, आणि कालचा गुन्हेगार कारखानदार झाला. शेजारचे चोरटे गाळणारे इतके चिडले की स्मिथला पिस्तुलांची जोडी जवळ बाळगून फिरावे लागे. आज त्या खोऱ्याचे नाव जगभरच्या बाटल्यांवर झळकते.

त्याच शतकात वऱ्हाडातही भट्ट्या पेटत होत्या. धान्याऐवजी मोहाचे फूल, तांब्याच्या पात्राऐवजी मातीचे मडके, एवढाच काय तो फरक. ग्लेनलिव्हेटला जे मिळाले ते या भट्टीला का मिळाले नाही, याचे उत्तर मद्याच्या चवीत नाही; ते महसुलाच्या वह्यांत आहे.

मेळघाटात मार्च-एप्रिलच्या पहाटे मोहाची फुले गळतात. झाडाखालचा पालापाचोळा आधीच जाळून जमीन स्वच्छ केलेली असते. कोरकू बायका-मुले उजाडण्यापूर्वी टोपल्या घेऊन निघतात. वाळलेल्या फुलात साखर भरपूर. टंचाईच्या महिन्यांत ते शिजवून खाल्ले जाते, गुरांनाही घातले जाते. उरलेले पाण्यात काही दिवस आंबवायचे, मडक्यात उकळायचे, वाफ नळीतून थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवायची. प्रथम येते ती ‘पहिल्या धारेची’. हा शब्दप्रयोग मराठीत भट्टीवरून आला आणि भट्टी न पाहिलेल्यांच्याही तोंडी रुळला. जन्म, लग्न, मृत्यू, देवपूजा, यांपैकी कोणतेही कार्य या द्रव्यावाचून पुरे होत नसे. मोहाला केवळ ‘दारूचे झाड’ म्हणणे म्हणजे ज्वारीला केवळ कडब्याचे पीक म्हणण्यासारखे आहे.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. कलालांचा धंदा आणि त्यावरील वसुली त्याआधीही होती. परंतु नव्या राजवटीची आबकारी अधिक काटेकोर होती. १८६१ ते ६५ च्या अमेरिकन यादवी युद्धाने कापसाचे भाव चढले, १८६७ पर्यंत भुसावळ-नागपूर लोहमार्ग अकोला व बडनेऱ्यावरून पुरा झाला, आणि वऱ्हाडच्या खेड्यात रोख पैसा खेळू लागला. रोख पैशाच्या मागोमाग दुकान येते, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

दारूच्या वसुलीची त्या काळातली सोपी रीत म्हणजे मक्ता. एका टापूत गाळण्याचा व विकण्याचा हक्क लिलावात जो जास्त बोली लावील त्याला. मक्तेदाराने ठरलेली रक्कम भरली की किती गाळायचे याला बंधन नाही. रक्कम आधीच ठरलेली, म्हणून जितकी अधिक दारू खपेल तितका नफा अधिक. घरी गाळणारा कोरकू मात्र मक्तेदाराच्या हक्कावर घाला घालणारा ठरला. जंगलातील फूल त्याने वेचलेले, मडके त्याचे. तरीही त्याने दारू विकत घ्यावी, ही अपेक्षा.

येथे एक सावधगिरी हवी. या गोष्टीत भट्टी निर्दोष आणि सरकार दुष्ट, असा सोपा हिशेब मांडता येत नाही. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी परीट कुटुंबात डेबूजी जन्मला. त्याचे वडील झिंगराजी दारूपायी खंगले आणि मुलगा आठ वर्षांचा असताना वारले. आई सखुबाई त्याला घेऊन माहेरी, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्याला गेली. हाच डेबू पुढे गाडगेबाबा झाला. मुलीच्या बारशाला जातभाईंनी मांस व दारूची पंगत अपेक्षिली असताना त्याने गोड जेवण वाढले, आणि त्यावरून कुरबूर झाली, असे चरित्रकार सांगतात. कीर्तनांतून त्यांनी आयुष्यभर दारूवर जे कोरडे ओढले, त्यांच्या मुळाशी पोथीतले वचन नव्हते, बापाचे मरण होते.

झिंगराजी ज्या काळात पीत होता तो मक्त्यांचा काळ. त्याच्या मरणाचा दोष एकट्या मक्त्यावर टाकता येणार नाही. पण विक्री वाढली तरच पोट भरेल अशी व्यवस्था त्याच्या भोवती उभी होती, एवढे म्हणता येते.

१९०५-०६ च्या भारतीय आबकारी समितीने गावोगावच्या भट्ट्या बंद करून गाळणे मोठ्या, देखरेखीखालील कारखान्यांत आणावे, असा कल दाखवला. मद्याची तीव्रता मोजून गॅलनमागे कर घेण्याची रीत रूढ होत गेली. १९१५ मध्ये मध्यप्रांताचा आबकारी कायदा आला.

मग वारे उलटे फिरले. १९३८ मध्ये मध्यप्रांत व वऱ्हाडच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने दारूबंदीचा कायदा केला; आरंभीच्या निवडक क्षेत्रांत अकोला जिल्हा होता. ज्या राज्ययंत्रणेने लिलाव पुकारले, तिनेच आता बंदीचा पहारा बसवला. भट्टीवाल्याच्या दृष्टीने फरक थोडाच: पूर्वी तो मक्तेदाराचा चोर होता, आता सरकारचा.

खरी गंमत १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहे. तोवर विदर्भ मध्य प्रदेशातच होता. १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला आणि १९५९ मध्ये १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा येथे लागू झाला. सातपुड्यातील कोरकूंची वस्ती दोन राज्यांत विभागली गेली. पलीकडे १९१५ च्या जुन्या कायद्यातच पुढे दुरुस्ती होऊन आदिवासींना घरगुती उपयोगापुरती मोहाची दारू गाळण्याची सूट मिळाली. अलीकडे धारणी-चिखलदऱ्यात तीच कृती ‘हातभट्टी’ म्हणून पोलिसांच्या पंचनाम्यात येते. एकाच सोयरिकीतले दोन व्याही; एकाच्या अंगणात मडके परंपरा, दुसऱ्याच्या अंगणात मुद्देमाल.

विषारी हातभट्टीने माणसे मरतात, हेही खरे. पण लपूनछपून, घाईघाईत, विक्रीसाठी गाळलेली दारू आणि सणासाठी घरी उतरवलेली दारू एकाच कलमाखाली मोजली की पहिलीचा धोका दुसरीच्याही माथी बसतो. स्कॉटलंडच्या १८२३ च्या कायद्याने चोरट्या गाळणाऱ्यांना निदान परवान्याची वाट तरी दिली होती.

२०२१ मध्ये महाराष्ट्राने मोहफुले गोळा करणे व त्यांची वाहतूक यांवरील निर्बंध उठवले. मध्य प्रदेशाने त्याच सुमारास मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ मद्याचा दर्जा देण्याचे धोरण आखले. आणि २०२२ च्या एप्रिलमध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने काजूबोंडे, फळे व मोहफुलांपासून राज्यात बनणाऱ्या मद्याला कोणत्या वर्गात घातले? ‘विदेशी मद्य’ या वर्गात. मेळघाटात गळणाऱ्या फुलाची दारू शेवटी कायदेशीर झाली, ती परदेशी होऊन. मडक्याला मात्र परवाना नाही.