यतीम मुलगी आणि यंत्राची बाहुली

माणसासारखा दिसणारा यंत्रमानव माणसावरच उलटतो, ही गोष्ट आता नवी राहिलेली नाही. चित्रपटवाल्यांनी ती इतक्या वेळा सांगितली आहे की शेवट मुलेसुद्धा आधीच सांगून टाकतात. तरीही ‘मेगन २.०’ पाहायला आम्ही घरातले सगळे बसलो, कारण पहिल्या ‘मेगन’ने आम्हाला अस्वस्थ केले होते. दुसऱ्याने मात्र निराश केले. भीती कमी वाटली याचे दुःख नाही. पहिल्या भागाने उभा केलेला प्रश्न दुसऱ्याने वाऱ्यावर सोडून दिला, याचे आहे.

जेरार्ड जॉनस्टोन यांनी दिग्दर्शित केलेला पहिला भाग जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत प्रदर्शित झाला. केडी नावाच्या लहान मुलीचे आईवडील अपघातात जातात आणि ती खालाकडे, जेम्माकडे येते. जेम्मा खेळण्यांच्या कंपनीत इंजिनीअर. कामाचा ताण डोक्यावर, लेकराला कसे जवळ घ्यावे ते ठाऊक नाही. म्हणून ती मेगन नावाची बोलकी बाहुली बनवते. बाहुली केडीला शिकवते, गाणे म्हणते, तिच्यावर नजर ठेवते आणि पुढे तिच्या आड येणाऱ्यांचे जीव घेऊ लागते. पडद्यावर ही मेगन साकारायला यांत्रिक बाहुलीच्या जोडीला दोन खऱ्या मुली लागल्या. अंग आमी डोनाल्डचे, आवाज जेना डेव्हिसचा.

त्यातला एक प्रसंग खुनांपेक्षा जास्त अंगावर येतो. कंपनीच्या साहेबांना बाहुली दाखवायची असते आणि ऐन वेळी केडीला रडू कोसळते. मेगन तिला आईची एखादी आठवण विचारते, ती साठवून ठेवते आणि गाणे गाते. काचेपलीकडच्या साहेबांचे डोळे पाणावतात. लेकराचे दुःख विकाऊ माल होते आणि खाला काचेच्या पलीकडेच राहते.

आमच्या घरात हा प्रश्न पडद्यापुरता नाही. आमच्या बहिणीची मुलगी सहा वर्षांपासून आमच्याकडे आहे. तिचे अब्बू आणि अम्मी वर्षभराच्या अंतराने अल्लाहला प्यारे झाले, तेव्हा ती सात वर्षांची होती. सुरुवातीचे कित्येक दिवस ती बोलतच नसे. नातेवाईक काळजीने म्हणायचे, “एखादा टॅब घेऊन द्या, रमेल बिचारी.” आम्ही तिला स्वयंपाकघरात आमच्याजवळ बसवत राहिलो. एका संध्याकाळी कणकेचे गोळे करता करता तिने विचारले, “खाला, अम्मीला तिथे थंडी वाजत असेल का?”

आमच्याकडे उत्तर नव्हते. कणकेच्या हातांनीच तिला जवळ घेतले आणि दोघी रडलो. मग तिच्या अम्मीसाठी दुआ मागितली. यंत्राने क्षणात उत्तर दिले असते, कदाचित फार गोड उत्तर. पण त्याची स्वतःची बहीण गेलेली नसते. त्या संध्याकाळपासून पोर बोलू लागली.

जून २०२५ मध्ये आलेल्या दुसऱ्या भागात हे सगळे मागे पडते. आता अमेलिया नावाची लष्करी यंत्रस्त्री येते. ती मेगनच्याच तंत्रावर बनलेली आणि ताब्याबाहेर गेलेली. तिला रोखायला मेगनला पुन्हा उभे करतात, आणि कालची खुनी आज नायिका होते. हाणामारी, पाठलाग, कटकारस्थाने यांची रेलचेल आहे. केडी मोठी झाली आहे, पण तिच्या मनाकडे पाहायला कथेला सवड नाही. पहिल्या भागाने जगभरात सुमारे १८ कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याला ४ कोटीही गाठता आले नाहीत. आमच्या भाचीने मात्र एका वाक्यात हिशेब केला, “खाला, केडीला आता अम्मी आठवतच नाही का?”

प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः यतीम होते. वडील जन्मापूर्वीच गेले, आई सहाव्या वर्षी. मग आजोबा अब्दुल मुत्तलिब यांनी सांभाळले आणि त्यांच्यानंतर चाचा अबू तालिब यांनी. एका घरातून दुसऱ्या घरात, पण प्रत्येक ठिकाणी माणसाच्या सावलीत. यतीमाशी कठोर वागू नये, ही ताकीद सूरह दुहामध्ये आहे. यतीमाला सांभाळणारा जन्नतमध्ये आपल्या किती जवळ असेल, हे प्रेषितांनी (स.) हाताची दोन बोटे दाखवून सांगितले. कफालत म्हणजे केवळ जेवण, कपडे आणि शाळेची फी असती, तर पैसे पाठवून भागले असते. त्यात आपला वेळही द्यावा लागतो.

आणि ज्यांचे आईवडील हयात आहेत त्या मुलांचे काय? बोलणारी खेळणी बाजारात आली आहेत, मोबाइल मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. शाळेचा अभ्यास विचारायला हरकत नाही. पण शाळेत कुणी हिणवले, रात्री भीती वाटली, कुणाची आठवण आली, तर मूल कुणाकडे जाते, हे प्रत्येक घराने पाहावे. ते यंत्राकडे जात असेल, तर यंत्राने खून करण्याची वाट पाहायची गरज नाही. नुकसान तिथेच सुरू झालेले असते.

मोठ्या मुलांसोबत पाहायचा असेल तर पहिला भाग पाहा, आणि संपल्यावर टीव्ही बंद करून थोडा वेळ त्यांच्याजवळ बसा. ती काय विचारतात ते ऐका. उत्तर लगेच सुचले नाही तरी चालेल.