गवा, कॅमेरा आणि एक स्क्रू

कॅमेरा घेऊन मोटारसायकलवरून भटकायला निघालं, की सगळ्यांत जास्त धक्के कोण खातं, ठाऊक आहे? आपण नाही, कॅमेरा!

एका जानेवारीत मी आणि माझा नववीतला भाचा कोल्हापूरहून दाजीपूरला निघालो. गव्यांसाठी १९५८ सालापासून राखलेलं हे जंगल. गव्याचा फोटो काढायचाच, असा आमचा बेत. माझ्या वडिलांचा जुना कॅमेरा टॉवेलात गुंडाळून डिकीत टाकला, हेल्मेटं चढवली आणि मारली किक!

गारगोटीच्या रस्त्यानं बिद्रीला पोचलो. दूधगंगा-वेदगंगा साखर कारखान्याचा हंगाम जोरात होता. उसाच्या ट्रॉल्यांची ही मोठी रांग! चहाला थांबलो. भाच्यानं डिकी उघडली आणि ओरडला, “मामा, हे काय?”

त्याच्या तळहातावर एक इवलासा स्क्रू होता. लेन्सची कडी डुगडुगत होती. माझ्या पोटात धस्स झालं. वडिलांची आठवण होती ती!

शेजारी एक ट्रॅक्टरवाले दादा ट्रॉलीचा दोर आवळत होते. म्हणाले, “पावनं, ऊस सैल बांधला की वाटंतच सांडतोय. तुमचं बी तसंच झालंय बघा!”

अगदी खरं! इंजिनाची थरथर सांगाड्यातून थेट डिकीत पोचते. वस्तूला हलायला जागा मिळाली, की ती आपटत राहते आणि स्क्रू हळूहळू सैल होतात. काही मोबाईलमध्ये तर हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून भिंग हलतं ठेवलेलं असतं. मोटारसायकलच्या थरथरीनं ही रचना बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपल कंपनीनं २०२१ साली दिला. तेव्हा बाबांचा मोबाईल थेट हँडलला अडकवू नका हं!

मग तिथंच सगळं सामान नव्यानं भरलं. स्क्रू काडेपेटीत ठेवला, कडीला चिकटपट्टी लावली. लेन्स काढून वेगळी गुंडाळली, दोन्हीकडे झाकणं लावली. स्वेटर, कानटोपी कोंबून सॅकमधली पोकळी भरली. कण्याच्या बाजूला मऊ कपडे आणि कडक वस्तू बाहेरच्या अंगाला. पडलोच तर पाठीला इजा नको. सॅक भाच्याच्या पाठीवर चढली, कारण आपलं शरीर बरेच धक्के पिऊन टाकतं. ट्रायपॉड मात्र डिकीतच राहिला. तो दणकट गडी!

मुदाळ तिट्ट्यावरून राधानगरीकडे वळलो. संध्याकाळी दाजीपूरजवळ रस्त्याकडेला खरोखरच गवा उभा! आम्ही लांबच थांबलो. सॅक उघड, स्वेटर काढ, टोपी काढ, लेन्स बसव... तोवर गवा झाडीत गुडूप!

“मामा, कॅमेरा वाचला, पण फोटो गेला!” भाचा हसत सुटला.

परतल्यावर तो स्क्रू दुरुस्तीवाल्यानं जागच्या जागी बसवला. आणि आम्ही आमच्या यादीत आणखी एक नियम लिहिला : कॅमेरा आवळून बांधा, पण सगळ्यांत वर ठेवा. गवा काही आपल्यासाठी थांबत नाही!