शिकाऊ हातांसाठी चाक

कुंभारकामाचे वर्ग सुरू करायचं मैत्रिणीने आणि मी ठरवलं तेव्हा कोथरूडला तळमजल्यावरची एक मोठी खोली भाड्याने मिळाली होती, छोटी विजेची भट्टी आली होती आणि चाकांसाठी दोन लाख रुपये बाजूला काढलेले होते. शिंपो या जपानी कंपनीचं चाक आमच्या क्षेत्रात सगळेच नावाजतात. मी त्यावर काम केलं आहे, आवाज जवळजवळ नाहीच. पण लाखाच्या पुढची किंमत बघता आमच्या पैशांत ते एकच बसलं असतं. मग एकजण माती लावणार आणि बाकीचे भोवती उभे राहून बघणार. त्याला वर्ग म्हणायचं कसं?

म्हणून आधी केशवनगरला गेलो. पुण्याच्या कसब्यातल्या कुंभारवाड्यातली बरीच घरं पुढे तिथे गेली. ज्या काकांकडून मी माती आणते त्यांच्याकडे दोन्ही तऱ्हेची चाकं आहेत: दांड्याने फिरवायचं जुनं जड चाक आणि विजेचं नवं. खादी ग्रामोद्योग आयोगाने 2018 पासून कुंभार सशक्तीकरण योजनेत कुंभारांना विजेची चाकं द्यायला सुरुवात केली, तेव्हापासून अशा घरांत ती बरीच दिसू लागली आहेत. तसंच एखादं आम्हीही घ्यावं, असा माझा विचार होता. काकांनी नकारार्थी मान हलवली.

"ताई, माझं काम चाक पळतं तेव्हा होतं. तुमची माणसं पळत्या चाकाला घाबरणार. त्यांना हळू फिरणारं बघा, पण हात दाबला की थांबणारं नको."

आमच्या पुढच्या सगळ्या शोधाला या एका वाक्याने दिशा दिली. दांड्याचं चाक चालतं ते स्वतःच्या वजनावर. एकदा गती दिली की ती संपेपर्यंत कुंभार मोठ्या गोळ्याच्या माथ्यावरून एकामागून एक पणत्या उतरवून घेतो. नवशिक्याची ती सगळी गती माती मध्यावर आणण्यातच खर्च होते. तो घट्ट दाबतो, वाकडं दाबतो, कोपर मांडीला टेकवायचं विसरतो. तेवढ्यात चाक मंदावतं आणि त्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही.

मग देशी बनावटीची मोटरची चाकं बघायला लागलो. वीस हजारांपासून चाळीस हजारांपर्यंत भाव सांगत होते आणि जो तो आधी हॉर्सपॉवर ऐकवत होता. हॉर्सपॉवरवरून फारसं काही कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. या चाकांतली साधी एसी मोटर मिनिटाला सुमारे 1440 फेरे घेते. पट्टा आणि पुली लावून ते अडीचशेच्या आसपास आणतात आणि त्याखालची गती पेडलला जोडलेला ड्राइव्ह सांभाळतो. काटकसर होते ती याच ड्राइव्हमध्ये. स्वस्त ड्राइव्हवर मोटर वेगात जोरदार असते, पण मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्यांवर आणली की तिच्यातला जोर जातो. शिकणारा तळवा दाबतो, चाक अडखळतं, तो पेडल आणखी दाबतो आणि चाक एकदम उसळतं. माती भिंतीवर.

म्हणून आम्ही मळलेली माती सोबत न्यायला लागलो. तीन किलोचा गोळा चाकावर थापायचा, गती अगदी कमी ठेवायची आणि दोन्ही तळव्यांनी अंगाचा भार देऊन दाबायचं. नवशिक्याला अर्धा-एक किलोच माती देतात, पण त्याचा दाब बेहिशेबी असतो, म्हणून तीन किलो. एका विक्रेत्याचं चाक या भारानं चक्क थांबलं. "एवढं कोण दाबतं, मॅडम?" तो म्हणाला. आमच्याकडे येणारे सगळेच दाबतात, हे त्याला कोण सांगणार!

दुसरी गोष्ट झाकणाखालची. प्रत्येक ठिकाणी मी झाकण उघडून दाखवायला सांगायचे. बेअरिंग 6204 किंवा 6205 असलं की जीव भांड्यात पडायचा, कारण ते कुठल्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतं. व्ही-बेल्टवर नंबर छापलेला असला की तोही मिळतो. पण ड्राइव्हचा बोर्ड खास त्याच कारखान्यात बनवलेला असेल आणि कारखाना दोन राज्यं पलीकडे असेल, तर स्वस्त चाक ऐन उन्हाळी शिबिरात कोपऱ्यात पडून राहतं. एकाने झाकण उघडायला नकार दिला. तिथून आम्ही चहा पिऊन निघालो.

आवाजाचा मुद्दा मैत्रिणीने काढला. गिअरबॉक्सचं एक चाक ताकदीला उत्तम होतं, किंमतही बेताची. पण त्याची घरघर ऐकून ती म्हणाली, "अशी चार एकदम चालू झाली तर तू शिकवणार ओरडून?" ते बाद झालं. उलटसुलट फिरवायचं बटण मात्र आम्ही हट्टाने मागितलं. जपानमध्ये चाक घड्याळाच्या दिशेने फिरवतात, युरोप-अमेरिकेत उलट, आणि आमच्या वर्गात डावखुरी मुलं येतातच.

शेवटी पट्ट्यावर चालणारी चार देशी चाकं घेतली, एकेक बत्तीस हजाराला. धायरीच्या एका फॅब्रिकेटरकडून पायाने फिरवायचं एक चाक बनवून घेतलं. खाली काँक्रीटचं जड फिरतं चाक, वर लोखंडी चौकट, खर्च बारा हजार. लहान मुलांचे पाय त्याला पोचत नाहीत, पण वीज गेली की तेच चालतं, आणि मोठ्यांपैकी काहीजण आता त्याच्यावरून उठायला तयार नसतात.

उरलेल्या पैशांतला मोठा भाग वायरिंगला गेला, आणि तो वाचवायचा विचारही करू नये. ओले हात, ओली फरशी आणि विजेचं यंत्र एकत्र आहेत. नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपियरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी यांशिवाय मी कुणाला चाकावर बसू देणार नाही. बाकीच्यात चाकावर बसवायला मरिन प्लायच्या थाळ्या कापून घेतल्या, जादा पट्टे घेतले आणि वेगवेगळ्या उंचीची स्टुलं आणली. चाकापेक्षा स्टूल फार उंच झालं की माणूस कंबरेतून वाकतो आणि दुसऱ्या दिवशी पाठ धरून फोन करतो. पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी तर चाकाच्या पायांखाली विटा घालून उंची वाढवली.

आठजणांच्या तुकडीला चार चाकं पुरतात. नवशिक्याचे हात पाऊण तासात दमतात, त्यानंतर माती त्याचं ऐकत नाही. तेव्हा चौघं चाकावर आणि चौघं टेबलावर, वळ्या आणि थरांची भांडी करत. मग अदलाबदल. हे गणित आधी मांडलं, म्हणूनच आठ भिकार चाकांऐवजी चार बरी घेता आली.

तुम्ही वर्गासाठी चाक बघायला निघाला असाल, तर आपली माती पिशवीत घालून न्या आणि चाकावर कधीच न बसलेलं एक माणूस सोबत न्या. विक्रेत्याच्या सराईत हातांखाली कुठलंही चाक छानच चालतं. तुमच्या माणसाला त्यावर अर्धा तास बसू द्या. तेवढा वेळ द्यायला दुकानदार तयार नसेल, तर ते चाक घेऊ नका.