चेंडूवरचे नाव

व्यंगचित्रमालिका म्हणजे मुलांची करमणूक, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तथापि पती-पत्नींमधील दुराव्याचे विलक्षण प्रामाणिक दर्शन आम्हा उभयतांना घडले ते मॅट ग्रेनिंग यांच्या ‘द सिम्प्सन्स’ या मालिकेत. १९८९ साली अमेरिकेत सुरू झालेली ही मालिका स्प्रिंगफिल्ड नावाच्या कल्पित गावातील एका कुटुंबाची कथा सांगते. होमर अणुऊर्जा प्रकल्पात नोकरी करतो, मार्ज घर सांभाळते. पदरी तीन मुले.

१९९० च्या मार्च महिन्यातील एक भाग पाहा. मार्जच्या वाढदिवसाला होमर तिला बोलिंगचा जड चेंडू भेट देतो. त्या बापडीला हा खेळ येतही नाही. चेंडूवर नाव कोरलेले आहे तेही होमरचेच! दुखावलेली मार्ज हट्टाने खेळायला जाते. तेथे भेटलेला जाक हा शिक्षक तिला हातमोजा भेट देतो; त्यावर मात्र तिचे नाव असते. तो मोजा होमरच्या हाती लागतो आणि सारे त्याला उमगते. पण तो आदळआपट करीत नाही. आपल्यासाठी ती सँडविच किती छान करते, एवढेच तो अडखळत सांगतो. पुढे जाकच्या घराकडे निघालेली मार्ज रस्त्याच्या फाट्यावर थांबते. क्षणभर घुटमळते, आणि होमरच्या प्रकल्पाकडे वळते. या भागाला एमी पुरस्कार लाभला तो उगाच नव्हे. संसाराला तडा जातो तो बहुधा मोठ्या अपराधाने नव्हे; ‘माझ्याकडे कुणाचे लक्षच नाही’ या रोजच्या जाणिवेने जातो, हे त्यात नेमके पकडले आहे.

मात्र प्रत्येक तडा असा सांधत नाही. १९९६ च्या डिसेंबरमधील भागात मिलहाउस या मुलाचे आईवडील, कर्क आणि लुआन, मार्जच्या घरी मेजवानीला येतात आणि पाहुण्यांदेखत भांडून विभक्त होतात. कर्कची नोकरीही जाते. हे पाहून हादरलेला होमर गुपचूप घटस्फोट घेऊन मार्जशी नव्याने विवाह लावतो. आम्हा कॅथलिकांना तो घटस्फोट विनोद म्हणूनही रुचणारा नाही. परंतु आपला पहिला विवाह किती घाईघाईत उरकला होता, हिला किती कमी मिळाले, हे त्याला दिसले, ही गोष्ट मोलाची वाटते. त्याच समारंभात कर्क गाणे गाऊन लुआनला परत ये म्हणतो. ती स्पष्ट नकार देते.

या मालिकेत पात्रांची वये वाढत नाहीत. पुढच्या भागात सारे पूर्ववत करणे लेखकांच्या हातात होते. तसे त्यांनी केले नाही. कर्क-लुआन पुन्हा विवाहबद्ध झाले ते २००७ साली, तब्बल अकरा वर्षांनी.

आमच्या नात्यातील एक तरुणी दोन वर्षांपासून माहेरी आहे. तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे. सणासुदीला मंडळी तिला समजावतात : झाले गेले विसर, नांदायला जा. त्यांचा हेतू निर्मळ असतो. पण कर्कच्या गाण्यात आणि या उपदेशात आम्हाला फारसा फरक दिसत नाही. दोन्हींत तिने परत यावे एवढीच मागणी आहे. ती का निघून गेली, हा प्रश्न नाही. विवाहसंस्काराचे पावित्र्य मानणाऱ्यांनी तर हा प्रश्न आधी विचारायला हवा. ज्याला क्षमा म्हणायचे ती विस्मरणातून येत नाही. समोरच्या माणसाचे दुःख नीट पाहिल्यावर येते.

येत्या रविवारी आम्ही तिच्या यजमानांना भेटणार आहोत. समेटाचा प्रस्ताव सोबत नेणार नाही. तिला काय आवडते, कशाने ती हसते, एवढेच विचारणार आहोत. त्यांना उत्तर देता आले, तर पुढचे बोलणे सोपे जाईल. नाही आले, तर निदान कोठून आरंभ करायचा हे त्यांना कळेल.