प्रार्थनापत्र

मिशनऱ्यांच्या पत्रांकडे आपल्याकडे बहुधा इतिहासाचे साधन म्हणून पाहिले जाते. लेखनाचा एक स्वतंत्र प्रकार म्हणून ती कोणी वाचल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मी मात्र हा प्रकार आधी लिहिला आणि मग वाचला. २०११-१२ या वर्षात अशी अकरा पत्रे माझ्या हातून लिहिली गेली. त्यांतील एकाविषयी मला येथे सांगायचे आहे. पण त्यासाठी थोडे मागून यावे लागेल.

अमेरिकेत धर्मशास्त्राचे शिक्षण घेत असताना मी वर्षभरासाठी जपानच्या ओकिनावा बेटावर गेलो. तेथील किन या गावात कॅम्प हॅन्सेन हा अमेरिकन मरीन सैनिकांचा तळ आहे. तळाच्या फाटकापासून चालत जाण्याच्या अंतरावर एका मिशनरी संस्थेने भाड्याचे घर घेतले होते. घरापासून दूर असलेल्या विशी-बाविशीच्या पोरांना तेथे जेवायला मिळावे, सोफ्यावर लोळता यावे, आणि कोणाला वाटलेच तर बायबल घेऊन बसता यावे, एवढाच त्या घराचा उद्देश. घर चालवणारे प्रौढ अमेरिकन जोडपे होते. मी त्यांचा इंटर्न, म्हणजे अर्धा शिकाऊ आणि अर्धा घरगडी. शुक्रवारी तीस-चाळीस जण जेवायला येत. सेवा म्हणून मी जे काही केले त्याचा मोठा हिस्सा बटाटे सोलणे आणि भांडी घासणे हाच होता. तळाच्या आत मला एकट्याला जाता येत नसे.

सैनिकांची वस्ती मला नवी नव्हती. मी नगरचा. रणगाड्यांच्या प्रशिक्षण केंद्रामुळे भिंगारच्या बाजूला लष्कराची ये-जा लहानपणापासून पाहिलेली. पण आपल्या देशातली छावणी आणि दुसऱ्याच्या बेटावरची छावणी यांत फरक असतो, हे किनला पहिल्याच आठवड्यात कळले. ओकिनावाची भूमी जपानच्या भूमीच्या जेमतेम ०.६ टक्के, आणि जपानमध्ये केवळ अमेरिकन सैन्याच्या ताब्यात असलेल्या जमिनीपैकी ७० टक्क्यांहून अधिक जमीन तेव्हा या एका प्रांतात होती. १९४५ च्या लढाईत बेटावरची माणसे सैनिकांइतकीच, किंबहुना त्यांच्याहून अधिक, मेली. १९७२ पर्यंत बेट अमेरिकेच्या अमलाखाली राहिले. १९९५ च्या सप्टेंबरात बारा वर्षांच्या एका शाळकरी मुलीवर तीन अमेरिकन सैनिकांनी अत्याचार केला, ते तिघेही याच कॅम्प हॅन्सेनचे. किन गावात आजही पाणथळ वाफ्यांतून अळू लावतात. त्या वाफ्यांच्या कडेने जाताना भेटणाऱ्या एका वृद्ध बाईंनी मला एकदा विचारले, तू त्यांच्यातलाच का? जपानी तेवढे येत नव्हते, ही माझी सबब. मराठीत विचारले असते तरी उत्तर सुचले नसते.

या बेटाचा आणि मिशनचा संबंधही मोठा चमत्कारिक आहे. येथला पहिला प्रोटेस्टंट मिशनरी बेर्नार्ड बेटेलहाइम १८४६ साली नाहा बंदरात उतरला आणि एका बौद्ध मंदिरात ठाण मांडून आठ वर्षे राहिला. त्याला पाठवणारी संस्था ब्रिटिश आरमारातील अधिकाऱ्यांनी उभारलेली होती. तेव्हा सैनिकांनी बेटावरच्या लोकांसाठी मिशनरी पाठवला. आम्ही सैनिकांसाठी बेटावर आलो होतो, आणि बेटावरचे लोक आमच्या कार्यक्रमपत्रिकेत नव्हतेच.

आता पत्रांविषयी. आम्हा इंटर्नना पगार नसे. अमेरिकेतील चार मंडळ्या आणि काही कुटुंबे दरमहा पैसे पाठवत, आणि त्याबदल्यात त्यांना दरमहा एक ‘प्रार्थनापत्र’ जाई. या पत्राचे नियम कोणी शिकवत नाही, मागची चार पत्रे वाचली की ते कळतात. आरंभी हवामान, तेथे वादळांची वानवा नसल्यामुळे ही सोय चांगली होती. मग एक लहानसा विनोद, शक्यतो लेखकाच्या फजितीचा. मग ‘एक तरुण’. हा तरुण दर महिन्याला लागतो. तो ओझ्याने वाकलेला येतो आणि हलका होऊन जातो. शेवटी प्रार्थनेचे विषय आणि, अगदी संकोचाने, पैशांचा उल्लेख. यात सरळ खोटे कोणी लिहीत नाही. पण त्या तरुणाचे काहीच झाले नाही, तो जेवला आणि गेला, असे पत्र मी एकही पाहिले नाही. ते लिहिण्याची मुभा त्या प्रकारातच नाही. अळूच्या वाफ्यांवरच्या बाईंनाही त्यात जागा नव्हती.

तो मुलगा हिवाळ्यात येऊ लागला. त्याला मी येथे नाव देत नाही. पत्रात एक खोटे नाव दिले होते, ते पुरे झाले. आदल्या वर्षी तो अफगाणिस्तानात हेल्मंड प्रांतात होता. गुरुवारी रात्री, दुसऱ्या दिवसाच्या स्वयंपाकाची तयारी चालू असताना, तो न सांगता शेजारी बसून बटाटे सोलू लागे. अशाच एका रात्री त्याने मला तेथली एक गोष्ट सांगितली. ती कोणती, हे मी येथेही लिहिणार नाही. सांगून झाल्यावर मी विचारले, “प्रार्थना करूया का?” तो म्हणाला, “तुला हवं असेल तर कर.” मी केली. इंग्रजीतून सुरू केली आणि मध्येच मराठीवर आलो, कारण त्या गोष्टीपुढे माझे इंग्रजी संपले होते. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा त्याचे सोलणे चालूच होते.

महिनाअखेरीस पत्र लिहायला बसलो. ‘एक तरुण’ हवा होता. मी लिहिले की युद्धातून आलेल्या एका सैनिकाने आपले ओझे प्रभूच्या चरणी ठेवले, आणि आम्ही दोघांनी स्वयंपाकघरात गुडघे टेकून प्रार्थना केली. हे लिहिताना लबाडी करतो आहोत असे मला वाटले नाही. हात आपसूक त्या वाक्याकडे गेला. पत्र बरेच नावाजले गेले. एका मंडळीने ते आपल्या वार्तापत्रात छापले, आणि घर चालवणाऱ्या बाईंनी कौतुकाने त्याची प्रत फ्रिजवर लावली.

दूध काढताना त्याने ती वाचली. दाराला पाठ लावून त्याने पूर्ण वाचली आणि मला म्हणाला, “हा मीच ना?” मी हो म्हणालो. “मी गुडघे टेकले नव्हते. मी बटाटे सोलत होतो.” आवाज चढलेला नव्हता. त्याने दूध ओतून घेतले आणि बाटली परत जागेवर ठेवली.

पुढच्या पत्रात मी दुरुस्ती लिहिली. घर चालवणाऱ्या गृहस्थांनी ती वाचून हळुवारपणे काढून टाकली. पाठिराख्यांचा गोंधळ होईल, असे ते म्हणाले. ते मनाने फार चांगले होते, आणि त्यांचे म्हणणे चूकही नव्हते: गोंधळ झालाच असता. मीही फारसा झगडलो नाही.

परत गेल्यावर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी ‘मिशनरी हेरल्ड’चे जुने खंड काढून बसलो. बॉस्टनहून निघणाऱ्या या मासिकात अमेरिकन मराठी मिशनच्या लोकांची पत्रे छापून येत. १८१३ साली ते मुंबईत आले, १८३१ साली नगरला. माझे पणजोबा नेवासे भागात याच मिशनकडून बाप्तिस्मा घेतलेले. त्यांचे नाव कोठे सापडले नाही. पण ‘एक तरुण’ सापडला, पुष्कळदा सापडला. मूर्ती टाकून देणारा, डोळ्यांत पाणी आलेला, हलका होऊन गेलेला. आमच्या घरी मात्र पणजोबांची गोष्ट वेगळी सांगतात. मिशनच्या शाळेत मुलाला इतरांबरोबर बसू देतात, हे त्यांनी आधी दोनदा जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आणि मग होकार दिला. आजी ही गोष्ट सांगताना ‘दोनदा’वर जोर देत असे. ती त्या काळच्या पत्रात कोणी लिहिली असेल असे वाटत नाही. वाचणाऱ्यांना डोळ्यांतले पाणी हवे होते, आणि पाणी पाठवणाराही माझ्यासारखाच कोणाच्या तरी पैशांवर परदेशात बसलेला होता. इतकी वर्षे मी त्या साहेबांवर मनातून रागावत आलो होतो. त्या दुपारी तो राग नीट धरता येईना.

‘स्मृतिचित्रे’ मी त्यानंतर पुन्हा वाचली. टिळकांचा १८९५ सालचा बाप्तिस्मा हा पत्रलेखकांसाठी केवढा मोठा विषय असेल! लक्ष्मीबाई तो मागे राहिलेल्या बायकोच्या जागेवरून सांगतात. धर्मांतर तेथे रुसव्याफुगव्यांतून, फजितीतून, स्वयंपाकातून वाट काढत येते. टिळकांचा थोरपणा त्यात आहे आणि त्यांचा तऱ्हेवाईकपणाही आहे, आणि एकासाठी दुसरे पुसलेले नाही. प्रार्थनापत्राच्या चौकटीत हे पुस्तक एक पानभरही टिकले नसते. वर्गात ते शिकवताना त्याच्या साधेपणाची स्तुती करण्याची आपल्याला सवय आहे. मला आता तो साधेपणा फार कष्टाने मिळवलेला वाटतो.

तो मुलगा येत राहिला, हे सांगायचे राहिले. येऊन जेवायचा, स्वतःची थाळी धुवायचा आणि जायचा. गुरुवारी मात्र येत नसे. वसंतात त्याची बदली झाली. निघण्याच्या आदल्या दिवशी, तो गुरुवार होता, तो स्वयंपाकघरात आला, मांडणीतून सुरी घेतली आणि समोर बसला. आम्ही बरेच बटाटे सोलले. मग तो म्हणाला, “हे लिहिणार आहेस?”

मी नाही म्हणालो.

“लिहिशील. तेव्हा सुरी बोथट होती हेही लिही.”

सुरी खरोखरच बोथट होती.